अक्कांच्या रानातली माती

अक्कांना धाकटं भावंड एकही नव्हतं. तरी सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं, वयाने त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. वनखात्याच्या रोपवाटिकेत त्या पिशव्यांत माती भरायच्या कामाला लागल्या तेव्हा जेमतेम विशीतल्या होत्या. पण आवाज असा खणखणीत, की साहेब फाटकातून आत आले की आधी अक्का कुठे आहेत ते बघायचे आणि मगच खुर्चीवर बसायचे. पिशव्या भरता भरता त्या वाफे सांभाळू लागल्या, आणि पुढे मुकादम झाल्या. नवरा लवकर गेला. मुलगा त्यांनी एकटीने वाढवला, आणि त्याच्या जोडीने रोपंही. दोन्हींवर सारख्याच ओरडायच्या, असं शेजारीपाजारी म्हणत.

गावाच्या उत्तरेला एक टेकडी होती, पार बोडकी. कुठल्याशा जुन्या काळी कोळशाच्या भट्ट्यांसाठी तिच्यावरची झाडं तोडली होती, आणि मग माती वाहून गेली ती गेलीच. गवतसुद्धा तिथे लाजत लाजत उगवायचं. ओढ्याच्या पलीकडे मात्र जुनं जंगल तसंच उभं होतं, त्यामुळे ही टेकडी अजूनच केविलवाणी दिसायची. या टेकडीवर झाडं वाढवायची हे अक्कांनी मनावर घेतलं. पहिल्यांदा लावलेली रोपं उन्हाळ्यात जळाली. दुसऱ्यांदा लावलेली त्याआधीच जळाली. बाजारात लोक चेष्टा करायचे, "अक्का झाडं लावत नाहीत, पुरतात."

अक्का हसायच्या, पण हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

अशात एके दिवशी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा ड्रायव्हर रोपवाटिकेच्या फाटकाशी ट्रक उभा करून म्हणाला, "अक्का, खत पाहिजे का? फुकट आहे. आमच्याकडे ठेवायला जागा नाही." ट्रकमध्ये काळी, भुसभुशीत, वाळलेल्या गाळाची ढेकळं होती. वास नाकात जायचा, पण जीव नकोसा होईल इतका नाही. अक्कांनी एका वाफ्यात घालून बघितलं. त्या वाफ्यातली रोपं बाकीच्यांच्या दुप्पट झाली, आणि पानं अशी गर्द की हात लावल्याशिवाय राहवू नये.

झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं ट्रक येत राहिले. साहेब आधी कां-कूं करत होते, पण अक्कांनी त्यांचा हात धरून त्यांना वाफ्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "बघा आणि मग बोला." साहेबांनी बघितलं आणि बोलले नाहीत. टेकडीवर खड्डा खणायचा, दोन घमेली काळं खत, त्यात रोप. पुढच्या वर्षी बुंध्याभोवती परत खत. मधे एकदा ड्रायव्हरच म्हणाला होता, "अक्का, हल्ली गाळ जरा निळसर येतोय. नळांना आणि कड्याकोयंड्यांना चकाकी देणारे कारखाने झालेत ना वरच्या बाजूला, त्यांची गटारं आमच्याच मुख्य गटाराला जोडलीत."

अक्का म्हणाल्या, "निळं असो का हिरवं, झाडाला कुठे रंग कळतो? ओत तिकडे."

सगळे हसले होते. ड्रायव्हरही हसला आणि त्याने ट्रक रिकामा केला.

आणि टेकडी हिरवी झाली. खरोखर झाली, यात काही खोटं नव्हतं. ज्यांनी चेष्टा केली होती तेच आता पाहुण्यांना तिकडे फिरायला नेऊ लागले. शाळांच्या सहली यायला लागल्या. त्या रानाला कागदोपत्री काहीतरी आकडा होता, पण लोक त्याला 'अक्कांचं रान' म्हणत. वरच्या कचेरीतून मानपत्र आलं, काचेच्या चौकटीत. अक्कांनी ते घरात दाराच्या अगदी समोर लावलं, म्हणजे आलेल्या माणसाने बघितलं नाही असं व्हायला नको.

रानातली एक गोष्ट सगळ्यांना विशेष आवडायची. जमिनीवर पडलेल्या पानांचा थर इतका जाड होता की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. चालताना कुरकुर आवाज यायचा. मुलं त्यात लोळायची. अक्का प्रत्येक पाहुण्याला म्हणायच्या, "असा गालिचा पलीकडच्या जुन्या जंगलातसुद्धा नाही." हे खरंच होतं. ते का खरं होतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता. कुणीच केला नव्हता.

पावसाळा संपता संपता त्या पानांमधून अळंबी वर यायची. टोपल्या घेऊन गाव लोटायचं. सगळ्यात पुढे असायच्या त्या शिंपीणबाई, अक्कांच्या शेजारीण. दोघी एकाच वर्षी या गल्लीत राहायला आल्या होत्या. एकीच्या घरातलं मीठ संपलं की दुसरीच्या घरातून विचारल्याशिवाय आणायचं, असं त्यांचं होतं. शिंपीणबाई एकट्या. खालच्या खोलीत शिलाईचं दुकान, वर राहायची खोली. अळंबीच्या दिवसांत त्यांच्याकडे रोज तीच भाजी, आणि उरलेली दोऱ्यात ओवून खिडकीत वाळत घालायच्या, बरण्यांत भरायच्या, वर्षभर पुरवायच्या. "तुझ्या रानाने माझं स्वयंपाकघर चालतंय," असं त्या अक्कांना म्हणायच्या. अक्कांना मानपत्रापेक्षा हे जास्त आवडायचं.

मग विद्यापीठातून एक मुलगी आली. माती तपासणारी. जाड बुटांची, अबोल, आणि नखांत कायम माती. अक्कांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'मातीवाली' ठेवलं. तिला हे रान कसं सुधारलं याचाच अभ्यास करायचा होता, म्हणून अक्कांनी तिला मुलीसारखी फिरवली, घरी जेवायला घातलं. तिने काय केलं, तर जाळीच्या छोट्या छोट्या पिशव्यांत वाळकी पानं मोजून भरली आणि त्या पिशव्या जमिनीवर पानांच्या खाली ठेवल्या. अर्ध्या अक्कांच्या रानात, अर्ध्या ओढ्यापलीकडच्या जंगलात.

"हे कशाला गं?" अक्कांनी विचारलं.

"पानं किती दिवसांत कुजतात ते बघायला."

"एवढं शिकून पानं कुजायची वाट बघतेस?" अक्का म्हणाल्या, आणि मातीवालीसुद्धा हसली.

पुढच्या वर्षी ती परत आली. पिशव्या उचलल्या. मातीचे नमुने आधीच नेले होते, त्यांचे निकालही घेऊन आली होती. थेट साहेबांकडे न जाता ती आधी अक्कांकडे आली, हे तिचं चांगुलपण. रोपवाटिकेतल्या पत्र्याच्या शेडखाली तिने दोन पिशव्या बाकावर ठेवल्या. जुन्या जंगलातली पिशवी जवळपास रिकामी होती, तळाशी थोडा चुरा. अक्कांच्या रानातल्या पिशवीत पानं तशीच होती. देठासकट.

"अक्का, तुमच्या रानात पान कुजत नाही. पाचोळा खाऊन त्याची माती करणारे जीवच तिथे उरलेले नाहीत. मातीत शिसं आहे, कॅडमियम आहे, जस्त आहे. ओढ्यापलीकडच्या मातीच्या कित्येक पट. ते त्या गाळातून आलंय. आणि ते जात नाही, तिथेच राहतं."

अक्कांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"पान कुजत नाही हा काय दोष झाला? माझी झाडं बघ! बोडकी टेकडी होती तेव्हा तुझे ते जीव कुठे होते? तेव्हा नाही आलीस पिशव्या घेऊन!"

"झाडं चांगलीच आहेत, अक्का. मी मातीबद्दल बोलतेय."

"माती माझी आहे!"

शेडमध्ये काम करणाऱ्या बायांचे हात थांबले. मातीवालीने पिशव्या उचलल्या. जाताना ती वळून म्हणाली, "रागवा माझ्यावर. पण तिथली अळंबी लोकांना खाऊ देऊ नका. अळंबी झाडांच्या मुळांवर जगते आणि हे सगळं मातीतून ओढून घेते. घरात कुणी गरोदर असेल तर मुळीच नको."

अक्कांच्या घरात सून गरोदर होती. पाचवा महिना.

त्या दुपारी अक्का तणतणत साहेबांकडे गेल्या. ही मुलगी अर्धवट निकाल घेऊन गावभर घबराट करत फिरेल, रानाचं नाव खराब होईल, असं बरंच काही बोलल्या. साहेबांना हेच हवं होतं. खत घालायला त्यांनीच मान डोलावली होती. "पुढच्या वर्षी पाहू, नीट समिती वगैरे नेमून," ते म्हणाले, आणि मातीवालीची रानात जायची परवानगी थांबली. अक्का विजयी मुद्रेने घरी आल्या.

पण रात्रभर त्यांना काहीतरी टोचत राहिलं. सकाळी उठून त्यांनी फावडं घेतलं. मनात हे, की त्या पोरीला खोटं पाडायचं. रानात जाऊन त्यांनी पानांचा थर बाजूला सारला. वर कोरडी पानं. खाली करड्या रंगाची पानं. त्याखाली आणखी पानं, चपटी झालेली, एकमेकांना चिकटलेली, पण पानंच. एक एक पापुद्रा सोलावा तशी वर्षं निघत होती. खाली माती लागली, ती घट्ट आणि मुकी. गांडूळ नाही, किडा नाही, वाळवीसुद्धा नाही. त्यांनी दुसरीकडे खणलं, तिसरीकडे खणलं. मग ओढा ओलांडून जुन्या जंगलात गेल्या आणि एकदाच फावडं मारलं. ढेकूळ उलटलं तर त्यात वळवळ. बोटांनी दाबलं तर माती भुसभुशीत फुटली.

अक्का तिथेच खाली बसल्या. आयुष्यभर त्यांनी माती हाताळली होती. यात कुणी समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

या क्षणी त्या उठून गावात गेल्या असत्या, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. चूक नकळत झाली होती, ती कुणीही समजून घेतली असती. पण अक्कांनी खड्डे बुजवले. वर पानं पसरली, कुणाला खणल्याचं दिसू नये अशी. आणि घरी आल्या.

घरी सून जेवायला बसत होती. ताटात अळंबी होती, लोण्यावर परतलेली. अक्कांनीच आदल्या दिवशी सकाळी, मातीवाली यायच्या आधी आणलेली.

"थांब, ती खाऊ नकोस," अक्का म्हणाल्या आणि ताट उचललं.

"का हो आई?"

"मी चाखून बघितली. कडू निघाली."

सुनेने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवसापासून त्या घरात अळंबी शिजली नाही. अक्कांनी कारणं काढली. यंदा चांगली नाही, मला पित्त होतं, या दिवसांत जड पडते. मुलगा म्हणाला, "आई, तूच तर म्हणायचीस अळंबीने बाळ धष्टपुष्ट होतं." अक्का म्हणाल्या, "डॉक्टर झालास का?"

आणि रोज सकाळी गल्लीतून टोपल्या जात होत्या. अक्का दाराच्या आडून बघायच्या. पोस्टमनची बायको, दूधवाला, शाळेतल्या बाई आणि त्यांची दोन मुलं. शिंपीणबाई तर दारावर थाप मारूनच जायच्या, "चल गं, येतेस का? यंदा काय पीक आलंय!" अक्का म्हणायच्या, "गुडघा दुखतोय." गुडघा दुखत नव्हता. उद्या सांगू, असं त्या रोज ठरवायच्या. उद्या साहेबांशी बोलून सांगू. हे दिवस संपतच आलेत, आता सांगून काय करायचं. माणसाला गप्प राहायला किती कारणं सापडतात, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

एके दिवशी शिंपीणबाई हातात बरणी घेऊन आल्या. वाळवलेली अळंबी, गच्च भरलेली, झाकणावर कापडाचा तुकडा, कडेने झालर शिवलेला. "सुनेसाठी," त्या म्हणाल्या. "निवडून निवडून छोटी छोटी घेतलीत. बाळंतपणानंतर रस्सा करून दे."

"अगं, कशाला एवढं," अक्का म्हणाल्या.

"कशाला म्हणजे? मी काय परकी?"

अक्कांनी बरणी घेतली. हसल्या. चहा केला, दोघींनी प्यायला. शिंपीणबाई गेल्यावर त्यांनी बरणी जुन्या कागदात गुंडाळली आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातली.

संध्याकाळी सून ती बरणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. झालरीचं टोक कागदाबाहेर आलेलं होतं.

"आई, ही टाकून का दिली?"

"बुरशी लागली होती."

"अळंबी म्हणजे बुरशीच असते, आई."

अक्का भांडी पुसत होत्या, पुसत राहिल्या.

"त्या दिवशी ताट काढून घेतलंत, कडू आहे म्हणालात. मी त्याआधी एक तुकडा खाल्ला होता. कडू नव्हता. मला वाटलं, तुमच्या मनात काही असेल, म्हणून बोलले नाही. काय आहे यात?"

अक्कांनी फडकं खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. शेडमधली मातीवाली, साहेब, फावडं, बुजवलेले खड्डे. सांगताना त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. सुनेचा हात आपोआप पोटावर गेला.

"माझ्यापुढून ताट उचललंत, ते बरं केलंत," ती हळूच म्हणाली. "शिंपीणकाकूंना काय सांगितलंत?"

"काही नाही."

"त्या रोज खातात."

"हो."

"शाळेतल्या बाईंची मुलं खातात."

अक्कांनी ठेवलेलं फडकं परत उचललं.

"तुम्हाला झोप कशी लागते हो?"

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते अक्कांना जास्त लागलं. रागावली असती, भांडली असती, तर अक्कांनाही आवाज चढवता आला असता. आता काहीच करता येईना. त्या तशाच पायात चपला सरकवून बाहेर पडल्या.

शिंपीणबाईंच्या दुकानात एक गिऱ्हाईक होतं. नवी पँट घालून आरशासमोर उभं राहून कमरेत सैल वाटते की घट्ट याचा निवाडा करत होतं. अक्का स्टुलावर बसल्या. त्या माणसाने पँट वर ओढली, खाली ओढली, वाकून बघितलं, बसून बघितलं. अक्कांना वाटलं, हा असाच आरशासमोर राहिला तर बरं. पण तो गेला.

"काय गं, तोंड का असं?" शिंपीणबाई मशीनवर बसत म्हणाल्या.

अक्कांनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. शिंपीणबाईंनी मशीनचं पायडल मारायचं थांबवलं. पूर्ण ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"तुला आज कळलं?"

अक्कांच्या जिभेवर 'हो' आलंच होतं. एवढं एक 'हो' म्हटलं असतं तर मैत्रीण राहिली असती.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले."

"तुझ्या घरात कधी बंद केलंस?"

"त्याच दिवशी."

शिंपीणबाईंनी मान हलवली, जणू एखाद्या कपड्याचं माप ऐकावं तशी. मग उठल्या, वर गेल्या. वरून काचेचा आवाज येत राहिला. त्या एक एक बरणी घेऊन जिना उतरत होत्या आणि कापायच्या टेबलावर ठेवत होत्या. टेबल भरलं. यंदाच्या, गेल्या वर्षीच्या, त्याच्या आधीच्या.

"तूच ने," त्या म्हणाल्या. "मला यातलं काही नको."

अक्कांनी मुलाला बोलावलं नाही. त्या एकट्याच खेपा घालत राहिल्या, आणि गल्लीतल्या लोकांनी विचारलं की "अक्का, एवढ्या बरण्या कसल्या?" तर प्रत्येकाला थांबून सांगितलं. पहिल्या दोघांना वाटलं, अक्का चेष्टा करताहेत.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या, आणि तिथूनच मातीवालीला फोन लावला. "मुली, तू ये. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू ये आणि सगळ्यांना सांग." ती म्हणाली, "येते."

शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणाले, गाळ शुद्धीकरण केंद्राने दिला. केंद्राचे अभियंते म्हणाले, आमच्याकडे जे येतं तेच पुढे जातं, कारखान्यांनी गटारात काय सोडलं ते आम्हाला काय ठाऊक. कारखान्यांकडून कुणी आलंच नव्हतं. मातीवालीने सोप्या शब्दांत सांगितलं की घाबरून जायचं कारण नाही, पण जे गोळा केलंय ते टाकून द्या, यापुढे आणू नका, आणि ज्यांनी भरपूर खाल्लंय त्यांनी रक्त-लघवी तपासून घ्या.

मग अक्का उभ्या राहिल्या. आपण खत कसं घातलं, निळ्या रंगावर कसा विनोद केला, मातीवालीला कसं हाकललं आणि कळल्यावरही कसं तोंड मिटून बसलो, ते बोलल्या. त्यांना वाटलं होतं, लोक शिव्या देतील. त्या त्यासाठी तयार होऊन आल्या होत्या.

पण पोस्टमन उठून म्हणाला, "अक्का, तुमचा काय दोष? तुम्ही तर गावाचं भलंच केलंत." दूधवाला म्हणाला, "असं कबूल करायला छाती लागते." आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. अक्का भर व्यासपीठावर मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या. मान वर करवेना. एकदाच त्यांनी डोळे उचलले, तेव्हा तिसऱ्या रांगेत शिंपीणबाई दिसल्या. हात मांडीवर ठेवून बसलेल्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. त्या गर्दीत अक्कांना तेवढाच आधार वाटला.

तपासण्या झाल्या. सुनेचा निकाल ठीक आला. मुलगी झाली, वजनाने चांगली, आवाजाने आजीवर गेलेली. पण त्यानंतर घरात एक गोष्ट राहिली ती राहिलीच. अक्कांनी काही वाढलं की सून घास उचलायच्या आधी क्षणभर थांबते. तिला स्वतःला ते कळतही नसेल. सून वाईट नाही, सासूला टाकून बोलत नाही, आजारपणात पाय चेपून देते. पण तो क्षणभर अक्का रोज बघतात.

शिंपीणबाईंचा निकाल चांगला नव्हता. मूत्रपिंडं थकली होती. वयाने की अळंबीने, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता येईना. "दोन्ही असू शकेल," ते म्हणाले. ठाम सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं अक्कांना वाटायचं. दोघींचं बोलणं बंद होतं. अक्कांचा शिवायला टाकलेला झंपर शेजारच्या पोरीच्या हाती आला, नीट इस्त्री करून. मग एके सकाळी शिंपीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला इस्पितळात जायचंय तपासणीला. तिथे तासन् तास बसवतात. तू चल."

"चल," अक्का घाईने म्हणाल्या.

"बोलायचं नाही. नुसतं बाजूला बसायचं."

तेव्हापासून दर खेपेला अक्का त्यांच्याबरोबर जातात. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसतात. शिंपीणबाई विणतात, अक्का समोरच्या भिंतीकडे बघतात. एकदा नर्सने विचारलं, "बहीण का?" शिंपीणबाई म्हणाल्या, "शेजारीण." पण पाण्याची बाटली अर्धी पिऊन त्यांनी ती अक्कांच्या हातात दिली.

मानपत्र परत द्यायला अक्का वरच्या कचेरीत गेल्या होत्या. तिथला कारकून चौकट उलटसुलट करून म्हणाला, "बाई, द्यायची पद्धत आहे. परत घ्यायची नाही." त्या चौकट काखेत मारून परत आल्या, आणि आता ती माळ्यावर कुठेतरी आहे.

रान तोडायचं नाही, असं ठरलं. माती उपसून काढायची तर प्रत्येक झाड उपटावं लागलं असतं, आणि मग तीच माती पावसाबरोबर ओढ्यात गेली असती. मातीवाली म्हणाली, मुळांनी धरून ठेवलंय तेच बरं. वरून चुना टाकला, म्हणजे विष मातीत जखडून राहील. भोवती कुंपण घातलं, कारखान्यांची गटारं वेगळी झाली, ती कोर्टात बऱ्याच खेपा घातल्यावर. पान कुजायला किती वर्षं लागतील, असं अक्कांनी विचारलं तेव्हा मातीवालीने खरं उत्तर दिलं, "तुमच्या हयातीत नाही. माझ्याही बहुतेक नाही."

अक्का निवृत्त झाल्या. पण अळंबीच्या दिवसांत त्या सकाळीच जाऊन रानाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. पाटी आहे, पण पाटी कोण वाचतं. कुंपणालाही जागोजागी भगदाडं पडलीत. गावातल्या लोकांना त्यांना बघूनच लाज वाटते आणि ते मुकाट परततात. बाहेरून येणाऱ्यांना समजावावं लागतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी असाच एक माणूस आला, दोन मुलं आणि रिकामी टोपली घेऊन. नवीनच बदली होऊन गावात आलेला. अक्कांनी त्याला थांबवलं, मातीत काय आहे ते सांगितलं. त्याने मुलांना जवळ ओढलं आणि तो भडकलाच.

"म्हणजे एवढं सुंदर रान, आणि खाली विष? कुठल्या मूर्खाने घातलं हे?"

"मी," अक्का म्हणाल्या.

माणूस ओशाळला. टोपली या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "माफ करा हं, मला माहीत नव्हतं. तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं तेव्हा. तुमचा काय दोष त्यात..."

"आधी म्हणालात तेच असू द्या," अक्का म्हणाल्या.

लहान मुलगा विचारत होता, आता कुठे जायचं. अक्कांनी त्यांना ओढ्यापलीकडच्या जंगलाची वाट दाखवली, पुलावरून उजवीकडे वळायचं आणि जपून चालायचं, तिथली जमीन मऊ आहे, पाय आत जातो. ते तिघं पूल ओलांडेपर्यंत त्या बघत राहिल्या, आणि मग खुर्ची थोडी सावलीत सरकवून बसल्या, कारण खालच्या रस्त्याने आणखी माणसं टोपल्या घेऊन येत होती.